एकाच रविवारच्या दोन शर्यती

धुक्यातून आधी शिंक आली आणि मग माणूस.

स्कार्थ डोंगराच्या माथ्यावरून हेटी टायसन खाली यायला निघाली होती. सप्टेंबर संपत आला होता. डोंगरावरचे नेचे तांबूस पडू लागले होते आणि ढग सकाळपासून असा खाली बसला होता, की स्वतःचे बूट तेवढे दिसत होते. अशा हवेत हार्थवेट गावातली शहाणी माणसं घरात चहा पीत बसतात. पण हेटीला एप्रिलपर्यंतचा एकही रविवार वाया घालवायचा नव्हता.

"माफ करा," तो माणूस म्हणाला, "गावाकडे जायची वाट हीच ना?"

"नाही. ह्या वाटेनं तुम्ही कड्यावरून थेट तळ्यात जाल. पोहता येतं का?"

तो जागीच थांबला. उंच, किडकिडीत, पस्तिशीच्या आतला. पायांत पांढरेशुभ्र – म्हणजे सकाळी पांढरेशुभ्र असलेले – सडकेवर पळायचे बूट. गुडघ्यांना चिखल, कोपरांना चिखल आणि का कोण जाणे, एका कानालाही चिखल.

"पोहता येतं," तो गंभीरपणे म्हणाला, "पण आज टॉवेल आणलेला नाही."

हेटीला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून तिनं पाठ फिरवली आणि चालू लागली. "माझ्या मागून या. मी जिथे पाय ठेवीन तिथेच ठेवा."

तो आला. पण कसा... दर शंभर पावलांवर मागून घसरल्याचा आवाज येई, मग एक सभ्य, दबलेला उद्गार, मग पुन्हा पावलं.

"तुम्ही उतरताय की पडताय?" तिनं मागे न बघता विचारलं.

"आलटून पालटून. सडकेवर मी बरा पळतो हो. मँचेस्टरची मॅरेथॉन दोनदा पळलोय."

"सडक तुमच्यासाठी कुणीतरी आधीच सपाट करून ठेवलेली असते. इथे तसलं काही नाही." मग जरा बोचरं झालं असं वाटून तिनं विचारलं, "गावात नवीन दिसता. काय करता?"

"लोकांना आ करायला सांगतो. दातांचा डॉक्टर. विल्फ डॉकरे."

हेटीची जीभ आपसूक उजवीकडच्या मागच्या दाढेवर गेली. ती दाढ जूनपासून ठणकत होती आणि जूनपासून हेटी डाव्या बाजूनं जेवत होती. डोंगर, वादळ, अंधारी तळघरं, गळके पाइप – ह्यांतल्या कशालाही ती घाबरत नसे. ती गावातली एकुलती एक प्लंबर होती. लोक तिला 'बॉयलरवाली हेटी' म्हणत. पण दवाखान्यातली ती आडवी खुर्ची...

"बरं," ती म्हणाली आणि जरा भरभर उतरू लागली.

पण गाव लहान होतं, आणि त्यात डोरीन होती. डोरीन म्हणजे पळणाऱ्यांच्या मंडळाची सर्वेसर्वा. वय पंचावन्न, आवाज खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. गेली सहा वर्षं ती आणि हेटी ऑक्टोबरअखेरची जोडीची शर्यत एकत्र पळत. दोन दिवस डोंगरात, तंबू पाठीवर, आणि दोघांनी कायम बरोबर राहायचं. एकट्याला तिथे प्रवेशच नसे. ह्या वर्षी मात्र डोरीनच्या गुडघ्यानं संप पुकारला.

"मग मीही नाही जात," हेटी म्हणाली.

"वेडी आहेस का गं? तुला एप्रिलमध्ये सात माथ्यांची शर्यत पळायचीय ना? वर्षभरात एक तरी मोठी शर्यत पुरी केल्याशिवाय ते नाव घेत नाहीत. गेल्या वर्षीची तू मध्येच सोडलीस, तुझ्या खात्यावर आहे काय? ही एकच उरलीय." डोरीननं तिच्या गालाकडे निरखून पाहिलं. "आणि तुझं तोंड का सुजलंय?"

डोरीननं तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, आणि दाढेला औषध लागेपर्यंत ती बाहेरच्या खोलीत पहाऱ्याला बसून राहिली.

खुर्ची आडवी झाली. वर दिवा, दिव्याच्या अलीकडे विल्फ डॉकरेचे डोळे. तपकिरी, आणि कडेला हसण्याच्या बारीक रेघा. धुक्यात हे दिसलं नव्हतं.

"आ करा. छान... ही किती दिवस सोसताय?"

"आँ."

"जूनपासून? तुम्ही फार धीट आहात, किंवा फार भित्र्या. मला वाटतं दोन्ही." त्याच्या हातांचा अजिबात त्रास होत नव्हता, ह्याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. "तुमची मैत्रीण बाहेर सांगत होती, तुम्हाला शर्यतीसाठी जोडीदार हवाय. मला डोंगर उतरता येत नाही, पण चिकाटी आहे. पडतो, पण उठतो. तुम्ही शिकवाल तर चार आठवड्यांत तयार होईन. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

"आँ! आँऽऽ..."

"नाही? मग ठरलं."

चूळ भरून झाल्यावर तिला बोलता आलं असतं. हरकत घेता आली असती. पण अर्धा ओठ बधिर होता, आणि तो तोंडावरचा मास्क काढून असा अवघडून उभा होता, की जणू दाढ त्याचीच काढायची होती...

"शनिवारी पहाटे या," ती म्हणाली. "आणि ते पांढरे बूट फेकून द्या."

*

ऑक्टोबर हा हेटीच्या कामाचा सगळ्यात वाईट महिना. पहिली थंडी पडते, सगळं गाव एकाच दिवशी बॉयलर चालू करतं आणि निम्मे बॉयलर उन्हाळाभराच्या झोपेतून उठायलाच तयार नसतात. दिवसभर ती कुणाच्या ना कुणाच्या ओट्याखाली पालथी पडलेली असे. चार वाजता बाहेर यावं, तर व्हॅनला टेकून विल्फ उभा असायचा. डोंगरी बूट, पाठीवर पिशवी, हातात तिच्यासाठी ओट आणि काकवीची जाडजूड वडी.

"दाताच्या डॉक्टरनं हे खायला द्यावं?"

"धंदा वाढवायचाय."

मग उजेड असेपर्यंत डोंगर. ती त्याला उतरायला शिकवी. "मागे झुकू नकोस. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि म्हणूनच पडतो. पुढे झुक. डोंगरावर विश्वास टाक." 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. कदाचित तो दलदलीत मांडीपर्यंत रुतला आणि तिनं त्याला पिशवीच्या पट्ट्याला धरून ओढून काढलं, तेव्हा. अशा वेळी 'अहो' म्हणायला सवड नसते.

पाऊस आडवा यायचा. समोरच्या खोऱ्यात माजावर आलेले बारशिंगे हंबरायचे. एकदा असाच हंबरडा अगदी जवळून आला, तेव्हा विल्फनं तिचा हात घट्ट पकडला.

"घाबरलास?"

"नाही. तू घाबरशील म्हणून धरला."

"मी नाही घाबरले."

"बरं," तो म्हणाला. पण हात... हात त्यानं जरा उशिरानंच सोडला. आणि तिनंही काढून घ्यायची घाई केली नाही.

घरी जाऊन तिनं स्वतःला बजावलं – हेटी, हे शर्यतीसाठी चाललंय. फक्त शर्यतीसाठी. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आधीच ती ओट्याखालून बाहेर आली.

*

शर्यतीच्या पहिल्या दिवशी वारा असा होता, की चढावर मागे ढकलायचा आणि उतारावर पाय उचलू द्यायचा नाही. हेटीच्या हातात नकाशा आणि होकायंत्र, विल्फच्या पाठीवर तंबू. तो बोलत नव्हता, कुरकुरत नव्हता, मागे पडत नव्हता. उतारांवर तर पुढे झुकून असा सुटायचा, की तिलाच धावावं लागे. दिवस मावळायच्या सुमाराला ते मुक्कामाच्या खोऱ्यात पोचले, तेव्हा मागे निम्म्या जोड्या राहिल्या होत्या.

तंबू एवढासा. दोघांनी एकदम कूस बदलायची म्हटलं तर आधी ठरवावं लागेल इतका. स्टोव्हवर सूप उकळत होतं आणि कापडावर पाऊस तडतडत होता.

"एक विचारू?" विल्फ म्हणाला. "गेल्या वर्षी सात माथ्यांची शर्यत तू पाचव्या टप्प्यावर सोडलीस. डोरीन म्हणते पाय गेले. पण तुझे पाय मी गेला महिनाभर पाहतोय. ते जाणाऱ्यातले नाहीत."

हेटी सूप ढवळू लागली.

"स्टुअर्ट होता तिथे," ती म्हणाली. "आमचं लग्न ठरत आलं होतं. प्रत्येक टप्प्यावर गाडी घेऊन थांबला होता. थंडी होती, त्याला कंटाळा आला होता. पाचव्या टप्प्यावर मी आले तेव्हा त्यानं गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, पुरे झालं आता, हेटी. रागानं नाही, प्रेमानंच म्हणाला. आणि मला वाटलं, हा बिचारा माझ्यासाठी सकाळपासून कुडकुडतोय... मी बसले गाडीत. पाय अगदी ठीक होते, विल्फ. मी अजून दोन माथे चढू शकले असते."

"मग?"

"मग काय. महिन्याभरात मला त्याचं तोंड बघवेना. त्याला कारण कळलं नाही. तो वाईट नव्हता रे." तिनं सुपाचा पेला त्याच्या हातात दिला. "हे मी डोरीनलासुद्धा सांगितलेलं नाही."

विल्फनं आपल्याकडचे कोरडे मोजे काढून तिच्याकडे सरकवले. "पाय गार आहेत तुझे. इथपर्यंत जाणवतंय."

"आणि तू?"

"माझे पाय शहरी आहेत. त्यांना कळतच नाही काही."

दुसऱ्या दिवशी पाऊस दुप्पट. ओढ्याला पूर आला होता, पलीकडे जायला मोठा वळसा पडला, आणि वळशात वेळ गेला. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर स्वयंसेवकांची जीप उभी होती. आत हीटर, कांबळी, चहा. आतून ओळखीचे चेहरे बाहेर बघत होते.

"बसा, पोरांनो," स्वयंसेवक म्हातारा मायेनं म्हणाला. "पुष्कळांनी सोडलीय आज. ह्यात काही कमीपणा नाही." आणि त्यानं जीपचं दार उघडून धरलं.

तिनं विल्फकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. एकानं सोडली तर जोडीच बाद. त्यानं नुसतं 'बसू या' म्हटलं असतं, तर तिला नाही म्हणता आलं नसतं.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला वाटतं जीपमध्ये बसावं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मला आजवरच्या आयुष्यात कुठली गोष्ट एवढी सुंदर दिसलेली नाही. पण हे मला विचारू नकोस, हेटी. तुझे पाय काय म्हणतायत?"

"पळायचं म्हणतायत."

"मग चल. माझे येतील मागून. त्यांना सवय झालीय."

त्यानं दार स्वतःच्या हातानं बंद केलं. दोघं धुक्यात शिरली. पुढचा चढ हेटीला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की पाऊस तोंडावर बसत होता आणि ती हसत होती.

शेवटून तिसरा नंबर आला. पण शर्यत पुरी झाली होती. डोरीननं गुडघ्याची पर्वा न करता दोघांना एकदमच मिठी मारली, आणि त्या मिठीत हेटीचं कपाळ विल्फच्या भिजक्या खांद्याला टेकलं ते तिथेच थोडा वेळ राहिलं.

*

नोव्हेंबरात मंडळाचं जेवण असतं. मटण-बटाट्याचा रस्सा, लाल कोबीचं लोणचं, आणि मग पुढच्या वर्षी कोण कुठली शर्यत पळणार ह्यावर तासभर गोंगाट. हेटीचं नाव सात माथ्यांच्या शर्यतीत लागलं होतं. एप्रिलचा शेवटचा रविवार.

"अरेच्चा," टेबलापलीकडून कुणीतरी म्हणालं, "त्याच रविवारी मँचेस्टर आहे. विल्फचं नाव आहे ना तिथे?"

हेटीनं चमचा खाली ठेवला. तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळायची, हे विल्फचं किती दिवसांचं वेड होतं ते तिला ठाऊक होतं. दोनदा प्रयत्न झाला होता, दोन्ही वेळा थोडक्यात हुकला होता.

"होतं," विल्फ म्हणाला. "मी काढून घेतोय. त्या दिवशी मी इथे असेन. हेटीच्या प्रत्येक टप्प्यावर, चहा घेऊन."

सगळं टेबल आनंदानं ओरडलं. डोरीननं डोळ्याला रुमाल लावला. फक्त हेटी उठली, कोट घेतला आणि बाहेर चालू लागली.

तो मागोमाग पार्किंगमध्ये आला. "काय झालं?"

"तुला तंबूत सांगितलेलं काही कळलंच नाही."

"कळलं. म्हणून तर... मी गाडीचं दार उघडणार नाही, हेटी."

"तू दार उघडशील असं नाही म्हणत मी. पण प्रत्येक टप्प्यावर तू दिसशील, आणि मला दिसेल की ह्यानं आपली शर्यत माझ्या पायाशी आणून टाकलीय. ते ओझं घेऊन मी सात माथे कसे चढू? मला नकोय ते. मी मागितलं नव्हतं."

"मला वाटलं तुला आवडेल."

"तेच तर," ती म्हणाली. "मला आवडलं. त्याचाच राग आलाय."

त्यानंतर आठवडाभर तिनं त्याचा फोन उचलला नाही. पळताना स्कार्थची बाजू टाळली. चार वाजता व्हॅनला टेकून कुणी उभं नसायचं, आणि तिनंच त्याला दूर लोटलं होतं, तरी ओट्याखालून बाहेर येताना तिची नजर आधी तिकडेच जायची.

शुक्रवारी कामाच्या फोनवर निरोप आला. डॉकरे, दवाखान्याच्या वरची खोली, बॉयलर बंद, घर गारठलंय.

काम ते काम. तिनं हत्यारांची पेटी उचलली आणि जिना चढली. त्यानं दार उघडलं. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर लोकरी टोपी. ती काही न बोलता आत गेली, बॉयलरचं झाकण काढलं, पाइपांना हात लावून पाहिला, दाब पाहिला. मग सरळ उभी राहिली.

"ह्याचं भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं?"

"मी."

"का?"

"तू माझा फोन उचलत नाहीस. बॉयलरचा उचलतेस."

हेटीनं बटण दाबलं. बॉयलर गुरगुरून चालू झाला. तिला हसायचं नव्हतं, म्हणून ती पेटी आवरू लागली.

"थांब जरा," विल्फ म्हणाला. त्यानं टोपी काढली. केस सगळे उभे राहिले होते. "मी आठवडाभर विचार केला. तुझ्यासाठी सोडतो म्हणालो ना, ते खरं नव्हतं. म्हणजे, पुरतं खरं नव्हतं. मला तिसऱ्यांदा हुकायची भीती वाटते, हेटी. दोनदा हुकलं तर माणूस म्हणतो नशीब. तिसऱ्यांदा हुकलं तर कळतं, की आपली झेप तेवढीच. तुझी शर्यत त्याच दिवशी आली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. न पळायला किती सुंदर कारण मिळालं... लोक टाळ्यासुद्धा वाजवणार."

"म्हणजे माझ्या नावावर तू पळ काढत होतास."

"हो."

"आणि डोरीन रडली त्यासाठी."

"तिला सांगू नकोस. ती मला सोलून काढेल."

आता मात्र हेटीला हसू आवरेना. ती पेटीवरच बसली. खोलीत हळूहळू ऊब यायला लागली होती.

"तू मागे झुकलास," ती म्हणाली. "आणि मी काय शिकवलं होतं?"

"पुढे झुकायचं." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मी नाव काढलेलं नाही अजून. मँचेस्टरला जाईन. हुकलं तर हुकलं. पण मग त्या दिवशी तुझ्यासाठी कोण..."

"डोरीन आहे. आणि कुणी नसलं तरी मला चढता येतं." पुढचं बोलायला दाढ काढण्याइतकाच धीर लागत होता. "ऐक. मला तू त्या रविवारी नको आहेस, विल्फ. मला तू सोमवारी हवा आहेस. पायांतून कळा येत असतील, जिना उतरता येणार नाही, तेव्हा. आणि मंगळवारी. आणि ऑक्टोबरात, सगळ्या गावाचे बॉयलर बंद पडतात तेव्हा... कळतंय का मी काय म्हणतेय?"

"मला जरा हळू कळतं," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

"नाही सांगणार."

"मग मीच सांगतो. तू धुक्यात मला पोहता येतं का विचारलंस ना, तेव्हापासून माझं तुझ्यावर प्रेम आहे. घरी पोचेपर्यंत नक्की झालं होतं. दाढेचं निमित्त नसतं, तर मी आपणहून तुमच्या ओट्याखाली पाणी सोडून तुला बोलावलं असतं."

"आमच्या ओट्याखाली? मग मी माझ्याच घरी आले असते."

"बघ, मला सुचतही नाही तू समोर असलीस की."

त्यानं हात पुढे केला. तिच्या हाताला तेल, काजळी, काय काय लागलेलं होतं. तिनं तो मागे घेतला, विजारीला पुसला, मग विचार बदलला आणि तसाच त्याच्या गालावर ठेवला. गालावर पाच बोटांचा काळा ठसा उमटला. आधी पुढे ती झुकली की तो, ह्यावर दोघांचं अजून एकमत नाही.

*

नोव्हेंबरअखेरच्या रविवारी सकाळी पहिलं दव गोठलं होतं. आभाळ स्वच्छ, आणि स्कार्थचा माथा पहिल्यांदाच पुरता उघडा.

हेटीच्या घराच्या फाटकापाशी दोघांनी बुटांच्या नाड्या बांधल्या. तिच्या पायांत डोंगरी बूट, त्याच्या पायांत सडकेवरचे, कोरे करकरीत.

"तळ्याभोवती दोन फेऱ्या," विल्फ म्हणाला. "शेवटची वेगात. तू?"

"माथा, पलीकडचं खोरं, परत माथा. दुपार होईल."

"मी परतलो की रस्सा चढवतो."

"मीठ बेतानं. गेल्या वेळी..."

"हो हो. निघ आता, थंडी वाजतेय."

तिनं त्याच्या कॉलरला धरून त्याला जवळ ओढलं, ओठांवर ओठ टेकले आणि सोडून दिलं. मग ती डावीकडे वळून चढाला लागली आणि तो उजवीकडे सडकेवर गेला. भिंतीच्या वळणावर तिनं एकदा खाली पाहिलं. तळ्याकाठच्या रस्त्यावर तो केव्हाच लांब गेला होता, पाठ ताठ, पावलं एकसारखी, मागे न बघता.

तसाच पळ, ती मनात म्हणाली, आणि चढ चढू लागली.